मदत हवी आहे: शिगेला की ई. कोलाय? १६एसवरून काही ठरेना

नमस्कार मंडळी, प्रबंधाच्या कामात अडकले आहे. अतिसाराच्या नमुन्यातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचं १६एस आरआरएनए जनुक (जिवाणू ओळखायला सर्रास वापरतात ते) सिक्वेन्स करून घेतलं. जवळपास १५०० बेसची स्वच्छ क्रमवारी मिळाली, पण ब्लास्टमध्ये (क्रमवारी डेटाबेसशी ताडून पाहणारं साधन) शिगेला आणि ई. कोलाय दोन्हींशी साम्य ९९ टक्क्यांच्या वर, अगदी खांद्याला खांदा लावून! वंशवृक्ष काढला तर त्या फांद्यांचा बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची, याचा १०० पैकी आकडा) ४० च्या आसपास. म्हणजे झाड दिसायला छान, भरवसा शून्य.

जनुकीयदृष्ट्या शिगेला ही ई. कोलायचीच शाखा आहे, वेगळं नाव वैद्यकीय सोयीसाठी टिकलंय, हे वाचलंय. त्यामुळे १६एससारख्या इतक्या सावकाश बदलणाऱ्या जनुकाकडून मी जरा जास्तच अपेक्षा ठेवली बहुतेक. शिगेला ओळखायला वापरतात त्या आयपीएएच जनुकाचा पीसीआर पॉझिटिव्ह आला, पण ते जनुक आतड्याच्या पेशींत शिरणाऱ्या ई. कोलायमध्येही असतं, म्हणजे पुन्हा तिथेच. जिवाणू अचल आहे, लॅक्टोज आंबवत नाही. पण तसे ई. कोलायही सापडतात.

आता सात जनुकांचं एमएलएसटी (ठरावीक जनुकांच्या क्रमवारीवरून जिवाणूचा उपप्रकार, म्हणजे स्ट्रेन, ठरवणं) करू, की थेट पूर्ण जीनोम? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. मला नुसतं नाव नको, इतर स्ट्रेनशी नातंही दाखवायचंय. आणि आउटग्रुप (वंशवृक्षात तुलनेसाठी घेतलेला बाहेरचा नातेवाईक) म्हणून साल्मोनेला घेतलाय, तो चालेल ना? कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा. सिरोटायपिंग (जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रतिजनांवरून प्रकार ओळखणं) अजून केलेलं नाही, आधी तेच उरकावं का?