‘नमुना प्रातिनिधिक नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : तर्कक्षमतेच्या प्रश्नांत ‘नमुना प्रातिनिधिक नाही’ असा पर्याय असतो. याचा अर्थ नमुना लहान आहे, असाच ना? आणि तिथे ‘वानगी’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नाही, हे दोन वेगळे दोष आहेत. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षीय निवडणुकीआधी लोकांचा कल पाहायला ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी चाचणी-मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या, तरी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार हे भाकीत साफ आपटलं. तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. नावं मुख्यतः टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांतली होती, आणि ऐन मंदीत फोन-मोटार परवडणारे सुखवस्तूच, ज्यांच्यात लँडनचे समर्थक जास्त होते. शिवाय पत्रिका भरून परत धाडणाऱ्यांतही रूझवेल्टविरोधकच जास्त होते.

प्रश्न सोडवताना आधी निष्कर्ष कोणाबद्दल आहे ते अधोरेखित करा, मग पुरावा कोणाकडून आला ते. समजा : ‘स्वारगेटच्या थांब्यावर सकाळी ४०० प्रवाशांना विचारलं, ३२० जणांना बसच्या वेळा सोयीच्या वाटल्या. म्हणून बहुतेक पुणेकरांना त्या सोयीच्या वाटतात.’ निष्कर्ष पुणेकरांचा, पुरावा थांब्यावर उभ्या असलेल्यांचा. वेळा जमत नाहीत म्हणून ज्यांनी दुचाकी घेतली, ते तिथे सापडणारच नाहीत. गाळलेली माणसं विचारलेल्या मुद्द्यावरच वेगळी असणार, इथे खरी मेख आहे. नुसतं ‘काही जण सुटले’ हा आक्षेप लंगडा. सुटलेल्यांचं मत वेगळं का असेल, हे सांगता आलं पाहिजे. ‘४०० ही संख्या कमी आहे’ हा पर्याय फसवा. आणि निष्कर्ष ‘सकाळी स्वारगेटला बस पकडणारे’ एवढाच असता, तर हा आक्षेप उरलाच नसता.

आणखी एक उत्तर : ‘वानगी’ दाखवण्यासाठी काढतात, त्यामुळे निवडणाऱ्याचा हात तिच्यात आलाच. ‘वानगीदाखल दोन उदाहरणं’ ठीक. सर्वेक्षणाला ‘नमुना’च हवा. ‘शितावरून भाताची परीक्षा’ही सरसकट लावू नये. सगळा भात सारखा शिजला असेल तरच एक शीत पुरतं. तळाला करपलेलं वरच्या शितात कळत नाही.

‘यादृच्छिक’ शब्दाचाही फार गैरवापर होतो. लक्ष्मी रस्त्यावर जो दिसेल त्याला गाठलं, तर तो सोयीचा नमुना झाला. यादृच्छिक म्हणायचं तर ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या सगळ्यांची यादी हवी आणि तीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड हवी.

पुरवणी : ‘प्रातिनिधीक’ असं लिहिलेलं दिसतं, ते चूक. ‘इक’ प्रत्यय ऱ्हस्व आहे : प्रातिनिधिक, अप्रातिनिधिक.