आजीच्या ओव्या, कुलरची घरघर आणि ब्राउझरमधले पट्टे

महालवाला
मागच्या मे महिन्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर घेतल्या, 38 मिनिटं. कुलर बंद करतो म्हटलं तर म्हणे, "मले भाजून काढतं काय बाप्पा?" नागपुरातली दुपार, काय बोलणार! आता सगळीकडे कुलरची घरघर, ती काढायचीय.

लॅपटॉप ऑफिसचा, त्यात काही टाकू देत नाहीत. म्हणून वेब ऑडिओ एपीआय (ब्राउझरमधलीच आवाज हाताळायची सोय) वापरून स्वतःच एक पान लिहिलं. त्यातल्या ॲनालायझर नोडवर, म्हणजे आवाजातल्या जाड-बारीक सुरांचा जोर दाखवणाऱ्या भागावर, पट्टे नाचतात, पण डावीकडचे चार-पाच कायम उंच. त्यात कुलर कोणता नि आजी कोणती, समजत नाही. पूर्ण चित्र पाहायचं तर 38 मिनिटं वाजवत बसा. फाइल डिकोड करताना, म्हणजे उलगडताना, टॅब दोनदा मेला, ते वेगळंच. फाइल कुठल्या साइटवर चढवायची नाही. मधेमधे आजीनं घरची भांडणंही सांगितलीत.

खिडकी_8192
ॲनालायझर मुळात गाण्यासोबत नाचवायला. एफएफटी म्हणजे आवाजातल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित; त्याचा आकार, म्हणजे एका वेळी घेतलेले नमुने, बदलला नसेल तर 2048 असतो. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या रेकॉर्डिंगवर एक पट्टा 23 हर्ट्झहून रुंद होतो. वरून स्मूदिंग 0.8, म्हणजे आधीच्या क्षणाचं चित्र नव्यात कालवलेलं. घरघर शोधायला ही चाळणी फार जाड.

वाजवूच नका. फाइल एकदा डिकोड करा आणि मिळालेल्या नमुन्यांवर स्वतः एफएफटी चालवून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणती वारंवारता आहे त्याचं चित्र, काढा. टॅब मरतो कारण डिकोड झालेला प्रत्येक नमुना 4 बाइटचा: 38 मिनिटांचा एकच चॅनल धरला तरी जवळपास 440 एमबी. ऑफलाइन ऑडिओ कॉन्टेक्स्ट (वेब ऑडिओचा न वाजवता काम करणारा भाग) सेकंदाला 16,000 नमुन्यांवर उघडून त्यातच डिकोड करा, नमुने तेवढ्यावर येतात. मेमरी तिसरा हिस्सा, आणि 8,000 हर्ट्झपर्यंतचं सगळं हाती. ओव्यांना पुष्कळ झालं. खिडकी, म्हणजे एफएफटीचा आकार, 8,192 ठेवा, पट्टा 2 हर्ट्झचा होईल. अर्ध्या सेकंदाच्या खिडकीत अक्षरं पुसट होतात, पण तुम्हाला अक्षरं कुठं पाहायचीत?

वाइंडिंगवाला_इतवारी
कोडातलं मला कळत नाही, कुलरचं विचारा. वीज 50 हर्ट्झची, म्हणून मोटरची गुणगुण दुप्पट, 100 वर. ती जागची हलत नाही. पात्यांचा आवाज वेगळा: मिनिटाला 1400 फेरे आणि 4 पाती असली तर 93 च्या आसपास. व्होल्टेज पडलं की फेरे पडतात, तो आवाजही खाली येतो. पाती किती हाये तुमच्या कुलरले?

खिडकी_8192
वा! 93 आणि 100, तुमच्या जुन्या पट्ट्यांत दोन्ही एकाच खणात पडत होते. 100 वर नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टी कापणारी चाळणी) लावा, क्यू, म्हणजे काप किती अरुंद ते, 30 च्या आसपास. त्याच गुणगुणीचा दुपटीवरचा, 200 वरचा आवाज कापण्याआधी आजीचा स्वर कुठे आहे ते बघा. हवेचा सूं आवाज नॉचनं जाणार नाही, तो सगळीकडे पसरलेला असतो.

महालवाला
पाती चारच, मोजली. 16,000 वर टॅब जगला. दोन रेघा दिसल्या: एक 100 वर ताठ, दुसरी 91 च्या जवळ, आणि 22 व्या मिनिटाला खाली वाकलेली. तेव्हाच शेजारच्यांनी पाण्याची मोटर लावली होती, रेकॉर्डिंगमध्ये आजी त्यांना दोन शब्द सुनावतेय.

200 ला हात लावला नाही, आजी तिथंच गाते. 100 वाली गेली. 91 वाली सरकत राहते, ती सोडून दिली. आईला मोबाइलवर ऐकवलं तर म्हणे काही फरक नाही. बरोबरच आहे, तेवढ्याशा स्पीकरमधून 100 हर्ट्झ येतो कुठं. हेडफोन दिले तेव्हा पटलं.