घर गरम ठेवायला इलेक्ट्रिक बॉयलर: किती किलोवॅटचा घ्यावा?

कवडसा: जुना बॉयलर यंदा काढायचाच आहे आणि गॅसची सोय नाही, म्हणून विजेवरचा घेतेय. घर ९० चौरस मीटर, छत २.७ मीटर, सात रेडिएटर. आंघोळीला गिझर वेगळा आहे. विक्रेता म्हणतो, १५ किलोवॅटचा घ्या, पुढे बघायला नको. थंडीत आईचे सांधे आखडतात, त्यामुळे चूक करून चालणार नाही. काय बघून घेऊ?

जुना_वायरमन: ताई, १५ नको. ढोबळ हिशेब दहा चौरस मीटरला एक किलोवॅट, म्हणजे तुम्हाला ९. खिडक्या-भिंती चांगल्या असतील तर त्याहूनही कमी पुरेल.

पण आधी मीटर बघा. सिंगल फेजवर, २३० व्होल्टला, ९ किलोवॅट म्हणजे ३९ अँपिअर, आणि तेही तासन् तास. थ्री फेजवर तोच भार वाटला जाऊन फेजला १३ अँपिअर येतो. एका घरी बॉयलर जुन्याच वायरवर जोडलेला पाहिला. टर्मिनलचा स्क्रू ढिला, भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी पडलेलं, आणि एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा ब्रेकर) मात्र पडलाच नव्हता! करंट जास्त नव्हताच, जोड ढिला होता. म्हणून मेनपासून स्वतंत्र तांब्याची केबल, स्वतंत्र ब्रेकर, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग यात तडजोड करू नका. महिन्याभराने वीज बंद करून स्क्रू पुन्हा आवळून घ्या.

निवांत: बिलाचंही सांगते. ‘९९ टक्के कार्यक्षम’ हे खरं आहे, पण विजेचा साधा हीटरही तेवढाच असतो. एका युनिटला एकाच युनिटची उष्णता मिळणार. बचत होते ती गरजेपुरतीच उष्णता घेतल्याने. माझा बॉयलर टप्प्यांचा आहे, ३+३+३ किलोवॅटच्या तीन कॉईल; सौम्य थंडीत एकच चालते. रूम थर्मोस्टॅट नक्की घ्या आणि तो रेडिएटरपासून लांब लावा. बाहेर यंत्र बसवायला जागा असेल तर हीट पंपाचीही चौकशी करा, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. त्यात एका युनिटमागे दोन-तीन युनिट उष्णता मिळते.

आणि वारा असेल त्या दिवशी पडदे बाजूला घेऊन खिडकीच्या चौकटीपाशी पेटती मेणबत्ती फिरवून बघा, फटीतून वारा येत असेल तर ज्योत हलेल.

कवडसा: बिल काढलं. सिंगल फेज, मंजूर भार ७ किलोवॅट. इलेक्ट्रोड बॉयलरला वीज कमी लागते म्हणतात, ते खरं का?

जुना_वायरमन: नाही. उष्णता तेवढीच हवी, तर वीजही तेवढीच लागणार. त्यात करंट पाण्यातूनच जातो, म्हणून पाण्याची वाहकता सांभाळत बसावं लागतं. तुम्ही कॉईलचाच घ्या, एकेक कॉईल सुटी बदलता येईल असा. पंप, एक्सपान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावणारी) आणि ३ बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह आत आहेत का ते विचारा. टाकी एकूण पाण्याच्या साधारण दहावा भाग तरी हवी. रेडिएटर आधी धुऊन घ्या, परतीच्या पाइपवर गाळणी बसवा. प्रेशर सारखं उतरत असेल तर नुसतं पाणी भरत राहू नका, गळती शोधा. दर वेळी नव्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात आणि कॉईलवर पांढरा थर चढतो.

७ किलोवॅटमध्ये ६ चा बसेल, पण मग गिझर त्याच वेळी लावता येणार नाही. शक्य असेल तर थ्री फेजसाठी अर्ज करा.

कवडसा: मेणबत्ती फिरवली. आईच्या खोलीतल्या खिडकीपाशी ज्योत पार आडवी झाली. उद्या सुताराला बोलावतेय, थ्री फेजचा अर्जही भरते. बॉयलर त्यानंतर, ९ चा, टप्प्यांचा.