शेवटच्या भागात माती खाल्ली! सुपरहिरो मालिकांचे तुमचे अनुभव

परवा रात्री धाकट्या भावाच्या नादी लागून 'सीक्रेट इन्व्हेजन' ही माणसांची रूपं घेणाऱ्या परग्रहवासीयांची मार्व्हल मालिका एका बैठकीत संपवली. सहा भाग. सकाळी कांदिवलीहून फास्ट पकडायची होती, तरी जागलो. शेजारी बसलेला माणूस खरा की परग्रहावरचा, ही भीती पाच भाग छान मुरवली होती. आणि सहाव्यात? एक मशीन. ते चालू झालं की अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीच्या शक्ती अंगात. खलनायकाच्या अंगात आणि गिया या परग्रहवासी तरुणीच्याही, कारण ती नायक फ्युरीचं रूप घेऊन नेमकी तिथेच उभी! मग दोघांचे हात घडीघडीला बदलतात आणि हाणामारी. पाच भाग पाट्यावर वाटण वाटलं आणि शेवटी फोडणीला मॅगी मसाला.

तुमचाही असा पोपट झाला असेल तर लिहा. नुसतं 'बकवास' नको, नेमकी शिवण कुठे उसवली ते सांगा. रहस्यभेद होणार, आधीच सांगतो.

माटुंगा हॉस्टेल
'हीरोज', पहिला सीझन, २००७. हॉस्टेलच्या लॅन नेटवर्कवर एकाने भाग टाकले की अख्खा मजला एका खोलीत. वर्षभर एकच टांगती तलवार: नायक पीटरच्या अंगातल्या शक्तीचा स्फोट होऊन न्यूयॉर्क उडणार. शेवटी तो क्षण येतो, त्याला गोळी घालायला पुतणी समोर उभी, आणि मोठा भाऊ नेथन आकाशातून उतरतो, पीटरला उचलून वर नेतो. डोळ्यांत पाणी वगैरे.

तेवढ्यात कोपऱ्यातून चादरीतला एक जण म्हणाला, "अरे, पण ह्याला स्वतःला उडता येतं ना?"

खोलीत सन्नाटा. पीटर ज्याच्या जवळ जातो त्याची शक्ती उचलतो, हा तर मालिकेचाच नियम, आणि भावाचं उडणं त्याने केव्हाच उचललेलं! मग भांडण जुंपलं. एक पक्ष म्हणे, स्फोट आवरताना दुसरी शक्ती वापरता येत नसेल. दुसरा म्हणे, मग तसं एका वाक्यात दाखवा की! पेपरात न लिहिलेलं उत्तर बाहेर येऊन तोंडी सांगितलं तर मार्क मिळतात का? पहाटे स्टेशनबाहेर चहा पितानाही तेच चाललं होतं. आणि ज्याच्यासाठी वर्ष घालवलं तो खलनायक सायलर? पोटात तलवार खुपसलेली, तरी रक्ताचा माग गटाराच्या झाकणापर्यंत जातो. म्हणजे पुढच्या सीझनची सोय.

दादरची लेक
'स्मॉलव्हिल', म्हणजे सुपरमॅन होण्याआधीच्या क्लार्कची गोष्ट. २००१ ते २०११, दहा सीझन. आई मटार सोलता सोलता माझ्याबरोबर बघायची, इंग्रजी अर्धंच कळायचं, पण क्लार्क तिचा लाडका. शेवटच्या भागात सुपरमॅनचा तो पोशाख एकदाचा हातात आला. पण आम्हाला काय दिसलं? दुरून उडणारी लाल-निळी आकृती, आणि अगदी शेवटी गच्चीवर धावताना शर्ट उघडून छातीवरचा एस. आईने विचारलं, "अगं, पण घातला का त्याने तो कपडा?" मला उत्तर देता आलं नाही. त्याचा मित्र आणि मग शत्रू झालेल्या लेक्सची स्मृतीच पुसून टाकली ते वेगळंच. इतक्या वर्षांची मैत्री आणि वैर, एका विषाने पाटी कोरी!

फिल्म सिटीचा पाट्या टाकणारा
मी मालिकांचे एपिसोड लिहितो, म्हणून थोडी बाजू घेतो. आमच्याकडे बँक, म्हणजे आधीच तयार भागांचा साठा, नसते. आज लिहिलेला सीन परवा प्रक्षेपित होतो. 'पंधरा दिवसांत गुंडाळा' असा फोन आला की हरवलेला भाऊ, खून, इस्टेट सगळं एकाच लग्नात उरकावं लागतं. 'हीरोज'चा दुसरा सीझनही लेखकांच्या संपामुळे ११ भागांवर आटपला, तो मी माफ करतो. पण सहाच भाग लिहायचे आणि शेवट आधीपासून ठरवता येत असतो, तिथे सबब कसली? 'शी-हल्क'ने २०२२मध्ये तर कमाल केली. शेवटचा गोंधळ नायिकेलाच पटत नाही, ती मालिकेतून बाहेर पडून थेट लेखकांच्या खोलीत शिरते. हसलो खूप. पण आळसाची कबुली दिली म्हणून आळस माफ होत नाही, हे आमचे दिग्दर्शक मला रोज सुनावतात.

नव्वदीचा पोरगा
शक्तिमानमध्ये निदान शेवटी मुलं 'सॉरी शक्तिमान' म्हणायची. इथे लेखकांसाठी तशी सोय हवी.

लेडीज डबा
'वांडाव्हिजन'चा नववा भाग चर्चगेटहून घरी येताना फोनवर बघितला. आकाशात लाल आणि जांभळे गोळे फेकाफेकी सुरू झाली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिवाळी का गं?" अगदी तसंच. पण नायिका वांडाचा यंत्रमानव नवरा व्हिजन आणि त्याचाच पांढरा जुळा, असे दोन व्हिजन वाचनालयात समोरासमोर येतात आणि मारामारी थांबवून वाद घालतात: जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच राहतं का? वाद पटतो, भांडण मिटतं. ही ताकद हाताशी असताना बाकीचे गोळे कशाला? आणि तो पांढरा व्हिजन आठवणी परत मिळाल्यावर उडून गेला तो गेलाच, त्या भागात पुन्हा कुणी नावही काढलं नाही. मी वाचनालयाचा प्रसंग अंधेरी येईपर्यंत दोनदा पाहिला, काकूंना एक इअरफोन देऊन.