टॅम्पा (फ्लोरिडा): अंगणातले बेडूक इथलेच की बाहेरून आलेले, कसं ओळखायचं?

कोकणकन्या: नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या घरामागे रोज रात्री दिव्याखाली भेक (टोड) येऊन बसतात, खिडकीच्या जाळीला झाडबेडूक चिकटलेले असतात. शेजारी म्हणतात, दिसेल तो भेक मारून टाका, विषारी असतो, कुत्र्याचा जीव जातो. आमच्याकडे लॅब्राडोरचं पिल्लू आहे, त्यामुळे धास्ती आहेच. पण सरसकट मारायला मन धजत नाही. नेमकं काय बघायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

पाणथळ: सरसकट अजिबात मारू नका. शेजारी म्हणतात तो केन टोड, इथल्या भाषेत 'बूफो'. उसावरची कीड खाईल म्हणून फ्लोरिडात आणला, पण तेव्हा तो टिकला नाही. १९५५ साली मायामी विमानतळावर एका व्यापाऱ्याकडून शंभरेक निसटले आणि तिथून पसरले. त्याच्या पायी मारला जातो तो मात्र बिचारा इथला सदर्न टोड.

आकारावर जाऊ नका. सदर्न टोड चार इंचांपलीकडे वाढत नाही आणि केन टोड सहा इंच सहज होतो हे खरं, पण केन टोडची पिल्लंही लहानच असतात. डोकं बघा. आपल्याकडच्या, म्हणजे भारतातल्या भेकाच्या डोळ्यांभोवती काळ्या उंच कडा असतात, आठवतात? सदर्न टोडच्या डोक्यावरही दोन डोळ्यांच्या मधे तशा कडा असतात आणि मागच्या टोकाला ठळक गाठी. केन टोडचा माथा मधे सपाट, तिथे कडा नाहीत. त्याच्या खांद्यांवरच्या विषग्रंथी मोठ्या, त्रिकोणी, मागे निमुळत्या होत जाणाऱ्या. सदर्न टोडच्या लहान आणि लांबट गोल.

(आपला तो भेकही मादागास्करमध्ये उपरा ठरलाय. तोआमासिना बंदराच्या परिसरात २०१४ मध्ये त्याची नोंद झाली. म्हणजे दोष प्राण्याचा नाही, त्याला भलत्या जागी नेणाऱ्या माणसाचा आहे.)

श्वानप्रेमी: पिल्लाने भेक तोंडात धरलाच तर: लाळ गळणं, हिरड्या लालभडक, डोकं झटकणं, झोकांड्या, मग झटके. लगेच ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, फडकं सारखं धूत राहा. पाइपचं पाणी बाजूने, तोंड खाली करून सोडा. सरळ घशात सोडलंत तर विष पोटात जाईल. आणि वाट न बघता इमर्जन्सी व्हेट गाठा. रात्री कुत्र्याचं खाणं बाहेर ठेवू नका, केन टोड तेही खातो.

पाणथळ: हे सगळ्यात महत्त्वाचं. आता जाळीवरचे. लहानपणी न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला झाडबेडूक पाहिलेल्या आपल्या लोकांना क्यूबन ट्रीफ्रॉग अगदी ओळखीचा वाटतो आणि आपण त्याला राहू देतो. हा मात्र इथले छोटे झाडबेडूक खातो. १९३१ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या 'की वेस्ट' बेटावर त्याची नोंद झाली होती. अंग खरबरीत, बोटांच्या टोकांच्या गाद्या फार मोठ्या, काखेत आणि जांघेत पिवळसर झाक. माथ्याची कातडी कवटीला चिकटलेली असते, बोटाने हलत नाही. पिल्लांचे डोळे लाल आणि मागच्या पायांची हाडं निळसर दिसतात. तीन इंचांहून मोठा झाडबेडूक दिसला तर तो क्यूबनच समजा. इथला ग्रीन ट्रीफ्रॉग गुळगुळीत, कुशीवर बहुधा पांढरट पट्टा. हात लावायचा तर हातमोजे घाला, क्यूबनच्या अंगावरचा चिकट स्राव डोळ्यांना फार झोंबतो.

कोकणकन्या: खूप आभार! आत्ताच टॉर्च घेऊन पाहिलं. दिव्याखालच्या भेकाच्या डोळ्यांमागे दोन गाठी अगदी स्पष्ट दिसतात. जाळीवरचा एक करडा, खरबरीत, चांगला मोठा आहे. तो क्यूबन निघाला तर काय करायचं? लांब नेऊन सोडू का?

पाणथळ: भेक सदर्न टोड आहे, राहू द्या, किडे खाईल. पण विष त्याच्याही अंगात थोडं असतं, पिल्लाला त्याच्याशी खेळू देऊ नका.

क्यूबनला मात्र दुसरीकडे सोडू नका. ते बेकायदा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाचा सल्ला: २० टक्के बेंझोकेनचं (बधिर करणारं औषध) मलम अंगाला लावायचं, तो बेशुद्ध पडला की पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये. मीठ, ब्लीच, काठी यातलं काही नको, हाल होतात. त्याआधी माथा वरून आणि कूस बाजूने असे दोन फोटो इथे टाका, खात्री करून सांगतो.