मदत हवी आहे: सिव्हिल थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उतरत्या कर्बची (रस्त्याकडेच्या उंच काठाची) लाइन फील्ड कोडवरूनच (पॉइंट टिपताना दिलेल्या कोडवरूनच) कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

रस्त्याच्या टोपो सर्व्हेत (जागेच्या उंचसखलपणाच्या मोजणीत) आम्ही फक्त कर्बच्या पायथ्याला प्रिझम (ज्यावर नेम धरून रीडिंग घेतात तो आरसा) धरतो. पहिल्या पॉइंटला 'केबी१ बी एच०.०२ व्ही०.१५' असा कोड (केबी१ हे लाइनचं नाव, बी म्हणजे लाइनची सुरुवात, एच आणि व्ही म्हणजे आडवा आणि उभा ऑफसेट, म्हणजे किती मीटर सरकवायचं ते), वळणाला बीसी-ईसी (वक्राची सुरुवात-शेवट), शेवटी ई. इम्पोर्ट केलं की पायथ्याची लाइन येते आणि ऑफसेटने माथ्याचीही. एच शून्य ठेवत नाही, कारण माथा आणि पायथा प्लॅनमध्ये एकावर एक आले की ब्रेकलाइन (उतार बदलतो तिथल्या कडेच्या रेषा) सरफेसमध्ये (जमिनीच्या थ्रीडी मॉडेलमध्ये) गोंधळ घालतात. सरळ कर्बला हे झकास चालतं, दुसऱ्यांदा रीडिंग घ्यायची गरजच उरत नाही.

अडचण सोसायटीच्या गेटपाशी येते. तिथे कर्ब १५० मिमीवरून उतरत उतरत जवळपास रस्त्याला मिळतो, पण माथ्याची लाइन तशीच वर धावत राहते. मधल्या पॉइंटला नवा व्ही दिला तर उतार सलग मिळतो का? की आधी ऑफसेट थांबवून पुन्हा बी करावं लागतं? तसं केल्यास फिगर (कोडवरून जोडून आलेली लाइन) तुटते, आणि मला ती अखंड हवी आहे.

गेटपुरता माथा वेगळ्या कोडने टिपणं हा उपाय माहीत आहे, पण वाहत्या रस्त्यावर प्रिझमवाल्या पोराला जास्त वेळ उभं करायचं नाही. कुणी हे जमवलं असेल तर कोडची नेमकी ओळ लिहा, प्लीज.