१२५ ची बाइक आणि स्कूटर: दोघींना एकच ऑइल चालेल का? आणि फिल्टर बाहेरचा घ्यावा का?

अर्धाकॅन:
घरात दोन गाड्या. माझी १२५ सीसी बाइक आणि बायकोची ११० सीसी स्कूटर. ऑइल यापुढे मीच बदलणार आहे. बाइकला ९०० मिली लागतं, स्कूटरला ७००. दोन वेगळी ऑइलं आणली की दोन्हीत थोडंथोडं उरतं आणि माळ्यावर अर्धवट डब्यांची रांग लागते. एकच घातलं तर चालेल का? दोन्ही मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० (ऑइलच्या जाडपणाचा आकडा) लिहिलंय. शिवाय ऑइल फिल्टर कंपनीचाच घ्यावा की बाहेरचा? बजेट आधीच सांगतो: साध्या मिनरल (खनिज) ऑइलच्या दीडपट. त्याच्या वर नाही म्हणजे नाही.

लाल_डबा:
फुल सिंथेटिक (पूर्ण कृत्रिम) घ्या, एस्टर या कृत्रिम तेलाचं. सहा वर्षं तेच घालतोय, गिअर लोण्यासारखे पडतात. किंमत तिप्पट आहे, पण इंजिनापुढे ती काय!

अर्धाकॅन:
दीडपट म्हणालो होतो.

लाल_डबा:
वाचलं की. दुप्पट टिकतं, म्हणजे हिशेबाने दीडपटच पडलं.

क्लचवायर:
एकच ऑइल अजिबात नको. मी स्कूटरचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतलं होतं. दोनेक आठवडे काही कळलं नाही. मग चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी. क्लच स्लिप मारत होता. दोन वेळा ऑइल बदलूनही फरक पडला नाही, शेवटी प्लेटा बदलल्या. मेकॅनिक हसला ते वेगळंच.

जुनी_किक:
आमच्या वेळी सगळ्यांना २०डब्ल्यू-५०. जाड ऑइल, इंजिन गार. हे दहा-तीस म्हणजे पाणी आहे पाणी. माझी गाडी अजून पहिल्या किकला सुरू होते.

पाना_सतरा:
क्लचवायर, तुमचं झालं ते उलट्या दिशेने. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. ऑइल जास्त निसरडं असेल तर प्लेटा एकमेकींना पकडत नाहीत. स्कूटरचा क्लच बेल्टच्या बाजूला कोरडा असतो, त्याचा इंजिन ऑइलशी संबंधच येत नाही. जपानच्या जासो या वाहन-मानक संस्थेने १९९८ साली यासाठीच प्रकार पाडले. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, म्हणजे स्कूटरसाठीचं. २००६ मध्ये एमएचे परत एमए१ आणि एमए२ झाले. एमए२ ची पकड जास्त.

तेव्हा एमबी बाइकमध्ये नको. पण एमए स्कूटरमध्ये घातलं तर काही बिघडत नाही, झाला तर ॲव्हरेजला किंचित फटका. डब्याच्या मागे चौकोनी शिक्का असतो, तो बघून घ्या. मिनरल की सिंथेटिक हा नंतरचा प्रश्न.

कारचं ऑइल ओतायचा मोह झाला, तर एपीआय या अमेरिकी संस्थेच्या गोल शिक्क्यात खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' (इंधन वाचवणारं, निसरडं) आहे का बघा. असेल तर बाइकपासून लांब ठेवा.

जुनी_किक:
आम्ही कधी शिक्के बघितले नाहीत.

घाटरस्ता:
+१ फुल सिंथेटिक.

शंकासुर_१००:
'फुल सिंथेटिक' शब्दावर फार जाऊ नका. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल या ऑइल कंपनीने दुसऱ्या कंपनीविरुद्ध, कॅस्ट्रॉलविरुद्ध, जाहिरातींच्या तंटा मंडळाकडे तक्रार नेली होती, की खनिज तेलावरच जास्त प्रक्रिया करून त्याला सिंथेटिक म्हणतात. निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून ग्रुप ३ चं, म्हणजे असं जास्त प्रक्रिया केलेलं खनिज तेलही सिंथेटिक म्हणून विकतात.

लाल_डबा:
माझ्या डब्यावर एस्टर लिहिलंय.

शंकासुर_१००:
किती टक्के, ते लिहिलंय?

लाल_डबा:
गिअर पडतात ना लोण्यासारखे, मग झालं.

पाना_सतरा:
बाइकमध्ये गिअरबॉक्सही त्याच ऑइलवर चालतो. गिअरचे दात ऑइलला जाड ठेवणारे पॉलिमर चिरडतात आणि ते पातळ होत जातं. म्हणून गिअर खडबडीत पडायला लागले की बदलायची वेळ आली समजा. रंगावर जाऊ नका, चांगलं ऑइलही काळं पडतं.

आटेगेले:
फिल्टरबद्दल माझं ऐका. बाहेरचा स्वस्त फिल्टर आणला, स्वतः बसवला, गाडीखाली तळं. दोष फिल्टरचा नव्हता. जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर नवा आवळला. घाबरून ड्रेन बोल्टही (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) जरा जास्तच पिळला, आटे गेले. नावावरून कळलं असेलच. बोल्टचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचा ते, मॅन्युअलमध्ये असतो, वॉशर दर वेळी नवा टाका.

घाटरस्ता:
मी के अँड एन कंपनीचा लावतो. टोकाला १७ मिमीचा नट असतो, साध्या पान्याने खोलता येतो. महाग आहे, पण एकदा वापरलात की दुसरा घेणार नाही.

पाना_सतरा:
बाहेरचा फिल्टर वाईटच असतो असं नाही. नुसतं तोंड आणि आटे जुळले म्हणून लावू नका. आत बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला तर तो उघडून इंजिनाला निदान गाळलेलं नसलेलं तरी ऑइल पोचवतो. तो किती दाबाला उघडतो, हे मूळ फिल्टरशी जुळायला हवं.

पण अर्धाकॅन, एक विचारू का? तुमच्या १२५ ला ऑइल फिल्टर आहे का मुळात?

अर्धाकॅन:
म्हणजे? सगळ्यांना असतो ना?

पाना_सतरा:
बऱ्याच लहान इंजिनांना कागदी फिल्टर नसतोच. एक तारेची जाळी आणि क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) टोकाला गरगर फिरणारा रोटर, त्यात गाळ कडेला जमतो. जाळी दर काही बदलांनी धुवायची. रोटरसाठी क्लचचं झाकण काढावं लागतं, ते गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

अर्धाकॅन:
आत्ता मॅन्युअल बघितलं. बाइकला जाळी आणि रोटर. स्कूटरला नुसती जाळी. आणि काल मी 'दोन्हीला बसतो' असं लिहिलेले दोन फिल्टर मागवून बसलोय.

आटेगेले:
😂 माळ्यावर ठेवा, डब्यांशेजारी.

क्लचवायर:
स्कूटरच्या मागच्या चाकाचं गिअर ऑइल वेगळं असतं. शंभर-सव्वाशे मिली असेल, पण लोक विसरतात.

पाना_सतरा:
आणि स्कूटरच्या एअर फिल्टरचा कागद तेलकट असेल तर तो हवा मारून साफ करू नका. त्या तेलालाच धूळ चिकटते. वेळ झाली की बदला. मूळ कागदीच घ्या, स्वस्त पडतो.

जुनी_किक:
आम्ही पेट्रोलने धुवायचो.

अर्धाकॅन:
ठरलं. १०डब्ल्यू-३०, एमए२, सेमी-सिंथेटिक, दोन्ही गाड्यांना तेच. किंमत सव्वापट. लाल_डबा, माफ करा. क्लचवायर, एमबी घरात येणार नाही. ऑइल फिल्टर परत पाठवतोय.

बाइकला एअर फिल्टर मात्र तो धुवायचा, कापडी घेतला. लाल. माहीत आहे काय म्हणणार आहात.

पाना_सतरा:
काही म्हणत नाही. धुतल्यावर त्याला लावायचं तेल वेगळं मिळतं, ते बजेटमध्ये धरलंय का?

अर्धाकॅन:
...तेही डब्यात येतं?